जामीन मंजूर, पण जामीनदार चंदगडचा: कायदा गरिबाला वेगळे माप लावतो का?

पश्चिमभाग_मास्तर (बेळगाव तालुका) यांचा प्रश्न

सर्वांना नमस्कार. आमच्या गावातील एका सेंट्रिंग कामगाराची हकीगत मांडून, कायद्याची माहिती असलेल्या सदस्यांना एक प्रश्न विचारायचा आहे. नावे, गाव आणि कोर्ट यांचा उल्लेख मुद्दाम टाळत आहे.

एका बांधकामावरून लोखंडी सळया चोरीला गेल्या आणि तेथे कामाला असलेल्या या तरुणाला संशयावरून अटक झाली. तो दोषी आहे की नाही हे मला ठाऊक नाही आणि तो माझा प्रश्नही नाही. त्याचा जामीन अर्ज मंजूर झाला. अट अशी होती की, त्याने पंचवीस हजार रुपयांचा जातमुचलका (स्वतःची लेखी हमी) द्यावा आणि तेवढ्याच रकमेचा एक स्थानिक जामीनदार उभा करावा, ज्याच्या नावावर शेतजमिनीचा उतारा असेल. या मुलाच्या घरी गुंठाभरही जमीन नाही. त्याच्या सख्ख्या मामाची मात्र शिनोळीच्या पुढे, चंदगड तालुक्यात दीड एकर जमीन आहे. मामा एका दिवसाची मजुरी बुडवून सातबारा, आठ-अ (खातेदाराच्या जमिनीचा उतारा) आणि आधार कार्ड घेऊन आला. जमीन महाराष्ट्रात आहे, या कारणाने त्याला परत पाठवण्यात आले. आमच्या गावातून मामाच्या शेतापर्यंत दुचाकीने जायला जेवढा वेळ लागतो, त्याहून अधिक वेळ बेळगावात पार्किंग शोधायला लागतो.

जामीन मंजूर होऊनही हा मुलगा आज तुरुंगात आहे. दरम्यान एक गृहस्थ त्याच्या आईला भेटले आणि ठरावीक रक्कम दिल्यास आपला उतारा घेऊन जामीनदार म्हणून उभे राहण्याची तयारी त्यांनी दाखवली. म्हणजे उताऱ्यालाही भाडे असते, हे आम्हांला त्या दिवशी समजले. त्याच सुमारास आमच्या भागात प्लॉट विक्रीत अनेकांचे पैसे अडकवल्याचा आरोप असलेल्या एका प्रतिष्ठित व्यक्तीला अटकपूर्व जामीन मिळाला. त्यांनी कोठडीचे दारही पाहिले नाही.

गावात आता सरसकट बोलले जाते की, कोर्ट पैसेवाल्यांचे आहे. मी शाळेत नागरिकशास्त्र शिकवतो आणि कायद्यापुढे सर्व समान हे कलम १४ दरवर्षी फळ्यावर लिहितो. म्हणून मला नेमके समजून घ्यायचे आहे की, हा पक्षपात कायद्याच्या मजकुरात आहे, तो राबवणाऱ्या माणसांत आहे, की आणखी कशात आहे? आणि या मुलासाठी आज काय करता येईल?

निवृत्त_शिरस्तेदार

मास्तर, मी उभी नोकरी कोर्टाच्या कार्यालयात काढली आहे. म्हणून न्यायाधीश काय विचार करतात यापेक्षा टेबलावर काय घडते तेवढेच सांगतो.

स्थानिक जामीनदाराचा आग्रह कोणी दुष्टपणाने धरत नाही. आपल्या भागात आरोपी सुटल्यावर तारखेला आला नाही, तर वॉरंट निघते. तो सीमेपलीकडे असेल तर ते वॉरंट दुसऱ्या राज्याच्या पोलीस ठाण्याकडे जाते आणि पुष्कळदा ‘मिळून आला नाही’ या शेऱ्यासह परत येते. आरोपी पळाल्यावर जामीनदाराकडून रक्कम वसूल करायची झाली, तर जमीन आपल्या तहसीलदाराच्या अखत्यारीत असलेली बरी, असा सरळ हिशेब त्यामागे असतो. शिवाय खोटे उतारे आणि एकाच उताऱ्यावर अनेक आरोपींना जामीन राहणारी माणसे हा प्रकार प्रत्येक जिल्ह्यात आहे, त्यामुळे कार्यालय सावध असते. तुमच्याकडे आलेले गृहस्थ त्याच जातकुळीतले दिसतात. त्यांच्या नादी लागू नये, कारण उद्या खोटी कागदपत्रे उघड झाली, तर जामीन तर जाईलच, वर नवीन गुन्हा दाखल होईल.

मात्र त्या सावधगिरीची किंमत कोण मोजतो, हे मी रोज पाहिले आहे. सधन आरोपीच्या बाबतीत आदेश होण्यापूर्वीच वकिलांच्या कारकुनाकडे सगळे तयार असते. ताज्या तारखेचा आर.टी.सी. उतारा (कर्नाटकातला सातबारा), करभरणा पावती, फोटो, प्रतिज्ञापत्र, एक जामीनदार नाकारला गेला तर बाहेर बाकावर बसवलेला दुसरा. आदेश दुपारी झाला तर संध्याकाळच्या बंदीपूर्वी सुटकेचा आदेश तुरुंगात पोहोचतो. याउलट मजुराच्या घरच्यांना आदेश झाल्याचे संध्याकाळी कळते. मग उतारेवाला माणूस शोधायचा, त्याच्या पाया पडायचे, त्याला एक दिवसाची मजुरी आणि जेवण द्यायचे. तोवर दुसरा शनिवार येतो, मग रविवार येतो आणि सोमवारी कळते की, उताऱ्याच्या ९ क्रमांकाच्या रकान्यात अजून जामीनदाराच्या वारलेल्या वडिलांचेच नाव आहे. वारसा नोंद झालेली नाही. जमीन त्यांचीच, कसतात तेच, पण कागद म्हणतो की ते कोणीच नाहीत. हा प्रसंग मी इतक्या वेळा पाहिला आहे की, शेवटी शेवटी उतारा हातात घेतल्यावर माझी नजर आधी त्याच रकान्यावर जात असे.

दोघांना लागू केलेला आदेश शब्दशः एकच असतो. एक जण त्याच दिवशी घरी जेवतो आणि दुसरा महिनाभर तुरुंगात राहतो. माझ्या समजुतीप्रमाणे तुमच्या प्रश्नाचे उत्तर या फरकात आहे, पण कायद्याची बाजू वकील मंडळींनी सांगावी.

अ‍ॅडव्होकेट_कॅम्प

शिरस्तेदार साहेबांनी टेबलावरचे चित्र अचूक मांडले आहे. मास्तर, आपल्या प्रकरणासंबंधी कायदा आपल्या बाजूने आहे, आणि तो आजचा नाही.

१९७८ साली मोती राम विरुद्ध मध्य प्रदेश राज्य हा खटला सर्वोच्च न्यायालयात आला होता. मोती राम हा गवंडी होता. त्याला जामीन मिळाला, पण मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांनी दहा हजार रुपयांच्या जामीनदाराची अट घातली आणि त्याच्या भावाचा जामीन नाकारला, कारण भाऊ आणि त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात होती. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी या प्रकारावर कडक शब्दांत टीका केली. दक्षिणेकडचा माणूस उत्तरेत कोठे पकडला गेला, तर त्याने तेथील जमीनमालक जामीनदार कोठून आणावा, असा त्यांचा सवाल होता आणि त्यांनी दिलेल्या उदाहरणांत कन्नडिगही होता. शेवटी हजार रुपयांच्या जातमुचलक्यावर मोती रामला सोडण्यात आले. तेथे आडवी आलेली सीमा केवळ जिल्ह्याची होती. आपल्याकडे ती राज्याची आहे, एवढाच फरक. भारताचा नागरिक भारतात कोठेही परका नाही हे तत्त्व दोन्ही ठिकाणी सारखेच लागू होते.

यानंतर ३१ जानेवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जामीन मिळूनही तुरुंगात राहणाऱ्या कैद्यांविषयी निर्देश दिले. जामिनाच्या आदेशाची प्रत तुरुंग अधीक्षकांमार्फत कैद्याला त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी मिळाली पाहिजे. सात दिवसांत सुटका झाली नाही, तर तुरुंगाने जिल्हा कायदा सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवले पाहिजे. महिनाभरात जामीनदार मिळाला नाही, तर न्यायालय स्वतःहून अटी शिथिल करण्याचा विचार करू शकते. आणि आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, स्थानिक जामीनदाराचा आग्रह हे सुटका लांबण्याचे एक कारण असल्याचे नमूद करून अशा प्रकरणांत ती अट घालू नये, असे न्यायालयाने सुचवले आहे.

भारतीय नागरिक सुरक्षा संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. तिच्या कलम ४७८ प्रमाणे जामीनपात्र गुन्ह्यात अटकेपासून आठवडाभरात ज्याला जामीनदार देता येत नाही, तो निर्धन आहे असे न्यायालयाने गृहीत धरायचे असते आणि त्याला केवळ जातमुचलक्यावर सोडायचे असते. चोरीचा गुन्हा सामान्यतः अजामीनपात्र असल्यामुळे हे कलम आपल्याला थेट लागू पडणार नाही, पण कलम ४८४ सर्वत्र लागू पडते. मुचलक्याची रक्कम आरोपीच्या परिस्थितीच्या मानाने अवाजवी असता कामा नये, हे ते कलम सांगते.

मग एवढे सगळे असताना मुलगा आत का आहे? कारण हे त्या न्यायालयापुढे कोणी वाचून दाखवले नाही. अट शिथिल करण्याचा अर्ज एका पानाचा असतो. तो अर्ज लिहिणारा वकील ज्याला परवडतो, त्याला तो अर्ज करण्याची बहुधा वेळच येत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या आकडेवारीनुसार देशातील कैद्यांपैकी सुमारे ७६ टक्के कच्चे कैदी होते, म्हणजे ज्यांचा गुन्हा अद्याप सिद्ध झालेला नाही असे. त्यांतील किती जण केवळ कागदापायी आत आहेत, याची कल्पना शिरस्तेदार साहेबांना माझ्याहून अधिक असेल.

मजकुरात पक्षपात अजिबात नाही, असे मात्र मी म्हणणार नाही. दोन उदाहरणे देतो. २०१५ च्या व्यापारी न्यायालय कायद्याप्रमाणे ३ लाख रुपये आणि त्याहून अधिक मूल्याच्या व्यापारी वादांत प्रतिवादीला १२० दिवसांत कैफियत (लेखी उत्तर) द्यावीच लागते, मुदत उलटली की तो हक्क संपतो. शेतकऱ्याच्या वाटणीच्या दाव्यात ९० दिवसांची मर्यादा आहे, पण ती कशी ओलांडली जाते हे येथील प्रत्येक पक्षकाराला ठाऊक आहे. व्यापाऱ्याचा वेळ मौल्यवान आणि शेतकऱ्याचा फुकट, असे कायद्याने कोठेही म्हटलेले नाही, पण व्यवस्था तशी लावून दिली आहे. दुसरे उदाहरण न वटलेल्या धनादेशाचे. कर्ज घेताना सही करून दिलेला कोरा धनादेश पुढे वटला नाही, खटला झाला आणि शिक्षा लागली, तर अपिलात किमान २० टक्के रक्कम भरण्याचा आदेश देता येतो. अपवादात्मक प्रकरणांत सूट मिळू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे, परंतु ती सूट मागण्यासाठीही पुन्हा वकील लागतो.

आता करायचे काय, ते सांगतो. कोठडीत असलेल्या कोणत्याही व्यक्तीला मोफत वकील मिळतो आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींनाही ती अट नाही. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याचे कलम १२ हेच सांगते. मुलाच्या आईने जिल्हा कायदा सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात जावे, किंवा १५१०० या क्रमांकावर फोन करावा. २०२२ पासून सुरू झालेल्या व्यवस्थेत तेथे पगारी बचाव वकील असतात, त्यांनी पक्षकाराकडून एक रुपयाही घ्यायचा नसतो. कोणी मागितला, तर सचिवांकडे लेखी तक्रार करावी. याखेरीज गरीब कैद्यांसाठी केंद्र सरकारची २०२३ ची योजना आहे. तिच्यात जामिनाची रक्कम भरू न शकणाऱ्या कच्च्या कैद्यासाठी आर्थिक मदत मंजूर होऊ शकते.

वडगावचा_विणकर

एवढे सगळे कायदे आमच्यासाठी आहेत, हे आम्हांला तुरुंगात गेल्यावरच कळते. आमचे वडील एवढेच सांगत की, शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये.

मलप्रभाकाठची_ताई (खानापूर तालुका)

विणकर दादा, राग मानू नका, पण ही म्हण ज्याच्या ताब्यात जमीन आहे त्याच्या सोयीची आहे. माझ्या भावांनीही मला हीच म्हण ऐकवली होती.

मास्तरांचा प्रश्न फौजदारी आहे, पण दिवाणी बाजूला हाच प्रकार वेगळ्या रीतीने चालतो, म्हणून लिहीत आहे. माझे लग्न १९९१ सालचे. कर्नाटकाने १९९४ मध्ये मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत हक्क दिला, पण त्याआधी लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने ती अट उरली नाही आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात नसले तरी मुलीचा हक्क जात नाही. कागदावर याहून स्पष्ट कायदा मला मागता आला नसता. मी वाटणीचा दावा लावला.

कोर्ट फी हा अडथळा नव्हता, हे प्रामाणिकपणे सांगते. आपण एकत्र कब्जात आहोत असे म्हणून वाटणी मागितली, तर कर्नाटकात २०० रुपयांच्या वर फी लागत नाही. खरा खर्च पुढे सुरू होतो. जुने कागद मोडी लिपीत होते, कारण १९५६ पूर्वी आपला भाग मुंबई राज्यात होता आणि आजोबांची खरेदी त्या काळातली. मोडी वाचणारे आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतके राहिले आहेत आणि ते पानावर पैसे घेतात. मोडीचे मराठी झाले, मग मराठीचे कन्नड किंवा इंग्रजी. माझी साक्ष मी मराठीत दिली, ती कन्नडमध्ये उतरली गेली, मला वाचून दाखवली गेली आणि मी मान हलवली. त्यात नेमके काय लिहिले होते, ते वकिलांनी घरी समजावल्यावर कळले. भावांच्या वकिलांकडे दोन्ही भाषा सहज वाचणारे तीन सहायक होते.

दाव्याचा प्राथमिक हुकूमनामा माझ्या बाजूने झाला. आम्ही पेढे वाटले. नंतर समजले की, या हुकूमनाम्याने फक्त हिस्सा ठरतो, जमीन हातात येत नाही. त्यासाठी अंतिम हुकूमनाम्याचे वेगळे काम चालते आणि शेतजमीन असेल तर मोजणी आणि वाटप जिल्हाधिकाऱ्यांमार्फत होते. यासाठी पक्षकाराला पुन्हा स्वतंत्र अर्ज करायला लावू नये, न्यायालयाने स्वतःच पुढचे काम चालवावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये म्हटले आहे, पण माझ्या प्रकरणात तो अर्ज मलाच करावा लागला. तोवर भावांनी धारवाडला अपील केले आणि स्थगिती मिळवली.

आता यातली मेख सांगते. दरवर्षी गळीत हंगामात त्या जमिनीतला ऊस कारखान्याला जातो आणि बिल भावांच्या नावावर निघते. त्याच पैशातून त्यांच्या वकिलांची फी भरली जाते. माझ्या हिश्शाच्या उसावर माझ्याविरुद्धचा दावा चालतो. त्यामुळे तारीख पुढे गेली की त्यांचे काही बिघडत नाही, उलट एक हंगाम पदरात पडतो. माझी मात्र एस.टी., जेवण आणि बुडालेला दिवस जातो. भाऊ काही फार श्रीमंत नाहीत, सात एकरांचे शेतकरी आहेत. म्हणून मला वाटते की, कोर्ट श्रीमंताच्या बाजूने झुकते असे म्हणण्यापेक्षा, ज्याच्या ताब्यात वस्तू आहे त्याच्या बाजूने उशीर झुकतो असे म्हणणे खरे ठरेल. श्रीमंताच्या ताब्यात बहुधा वस्तू असते, एवढेच.

एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. २००८ मध्ये धारवाडला उच्च न्यायालयाचे पीठ सुरू झाले नसते, तर मला बेंगळूर गाठावे लागले असते. पाचशे किलोमीटरवर खटला लढवणे मला शक्य नव्हते आणि मी तेव्हाच नाद सोडला असता. माझ्या आत्याने तो तसाच सोडला होता.

शहापूरकर

येथे सगळे एकाच सुरात बोलत आहेत, म्हणून थोडा वेगळा अनुभव मांडतो. माझे आजोबा जमीनदार नसले तरी कुळांकडून खंड घेणारे होते. १९७४ साली देवराज अर्स सरकारने जमीन सुधारणा कायदा बदलला आणि कुळांनी फॉर्म नंबर ७ भरून भू-न्यायमंडळापुढे हक्क सांगितला. त्या न्यायमंडळापुढे वकील उभा करायलाच कायद्याने मनाई होती. कलम ४८ मध्ये तसे स्पष्ट लिहिले होते. आजोबांकडे पैसा होता, ओळखी होत्या, इंग्रजी होते, आणि यांतले काही कामी आले नाही. समोर बसलेल्या कुळाने सांगितले की मी ही जमीन कसतो, शेजारच्या दोघांनी होय म्हटले आणि जमीन गेली. आजोबा उच्च न्यायालयापर्यंत गेले आणि तेथेही हरले. आमच्या घरात या गोष्टीची कडवट आठवण अनेक वर्षे होती. मला मात्र आज वाटते की, तो निवाडा योग्य होता.

सांगायचा मुद्दा हा की, कायदा मनात आणील तर गरिबाच्या बाजूने वाकू शकतो आणि तो याच जिल्ह्यात वाकलेला आहे. त्यासाठी सरकारला मुद्दाम वकिलाला दाराबाहेर ठेवावे लागले, याचा विचार वकील साहेबांनी करावा. पुढे १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती मनाई टिकणारी नाही असे ठरवले, कारण वकिलांचा व्यवसाय करण्याचा हक्क हा संसदेच्या कायद्याचा विषय आहे.

तरीही त्या काळात सगळीच कुळे जिंकली नाहीत. ज्याचे नाव पहाणी पत्रकात कसणारा म्हणून लागले होते तो जिंकला. आमच्याच शेतावर एक कुटुंब वाट्याने कसत होते, त्यांचे नाव तलाठ्याने कधीच लावले नव्हते, कारण ते लावू नये अशी आजोबांची व्यवस्था होती. त्या कुटुंबाला काहीही मिळाले नाही. म्हणून ताईंच्या म्हणण्यात एवढी भर घालतो की, ताब्याइतकेच महत्त्व नोंदीला आहे. मास्तरांचा सेंट्रिंग कामगार गरीब आहे म्हणून आत आहे, हे खरेच. पण त्याच्या मामाचे नाव पलीकडच्या राज्याच्या दप्तरात आहे म्हणूनही तो आत आहे.

अ‍ॅडव्होकेट_कॅम्प

शहापूरकर, वकिलांविषयीचा टोला मान्य आहे. परंतु वकील दाराबाहेर ठेवल्याने दरवेळी गरिबाचे भले होईलच असे नाही. ज्या ठिकाणी समोर पोलीस आणि सरकारी वकील उभे असतात, तेथे एकटा पडलेला माणूस कबुली देऊन मोकळा होतो. भू-न्यायमंडळात वकिलाविना काम चालले, कारण सिद्ध करायची गोष्ट एकच होती आणि ती सगळ्या गावाला दिसत होती.

पश्चिमभाग_मास्तर

सर्वांचे आभार. मुलाच्या आईला घेऊन आम्ही प्राधिकरणाच्या कार्यालयात जाऊन आलो. अर्ज भरून घेतला गेला, पैसे कोणी मागितले नाहीत, आणि नेमून दिलेल्या वकील बाईंनी तुरुंगात जाऊन मुलाची भेट घेतली. त्याच्याकडे जामिनाच्या आदेशाची प्रत नव्हती. जामीन मंजूर झाला आहे हे त्याला दुसऱ्या एका कैद्याकडून कळले होते.

अट शिथिल करण्याचा अर्ज दाखल झाला असून पुढच्या आठवड्यात त्यावर सुनावणी आहे. वकील बाईंनी दोन पर्याय मागितले आहेत: केवळ जातमुचलक्यावर सुटका, आणि ते मान्य नसेल तर मामाचा सातबारा ग्राह्य धरावा. त्यासंबंधी एक व्यवहारी शंका उरली आहे. मामाचा सातबारा खरा आहे हे येथील कोर्टाला कसे पटवायचे? चंदगडच्या तहसीलदारांचा दाखला आणावा लागेल का? त्यासाठी मामाचे आणखी दोन दिवस मोडतील आणि त्याने आधीच एकदा हात जोडून झाले आहेत.

विणकर दादांना एक सांगायचे आहे. त्या कार्यालयात आमच्या आधी रांगेत दोन बायका होत्या आणि दोघीही न्यायालयात येण्याची पहिलीच वेळ असलेल्या होत्या. भिंतीवरचा फलक कन्नडमध्ये होता, तो मी त्यांना वाचून दाखवला.

अ‍ॅडव्होकेट_कॅम्प

मास्तर, तहसीलदारांच्या दाखल्यासाठी आधीच धावपळ करू नका. महाराष्ट्राचा डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा महाभूमीच्या संकेतस्थळावरून अल्प शुल्कात घरबसल्या निघतो आणि त्यावरील पडताळणी क्रमांक टाकून तो खरा की खोटा हे कोणालाही संगणकावर तपासता येते. त्याची ताजी प्रत, सोबत आठ-अ आणि मामाचे प्रतिज्ञापत्र अर्जाला जोडावे. पडताळणी याच पद्धतीने करून घ्यावी, अशी विनंती अर्जातच लिहावी. दोन ओळी वाढतील, पण मामाची खेप वाचेल. सातबारा मराठीत असल्यामुळे त्याचे इंग्रजी किंवा कन्नड भाषांतर मात्र लागेल. ते वकील बाई स्वतः प्रमाणित करून जोडू शकतात का, एवढे त्यांना विचारून घ्या, म्हणजे भाषांतरकाराची फी पडणार नाही.

निवृत्त_शिरस्तेदार

आणि सुनावणीच्या दिवशी मामाला सकाळी पुकारा होण्यापूर्वी कोर्टात हजर ठेवा. मूळ आधार कार्ड आणि दोन फोटो त्यांच्या खिशात असू द्या. आदेश दुपारपूर्वी झाला आणि कागद तेथल्या तेथे तयार असले, तर सुटकेचा आदेश त्याच संध्याकाळी पोहोचवता येतो. आठ-अवर मामाचेच नाव आहे की त्यांच्या वडिलांचे, हे आजच पाहून ठेवा.